गाठीच्या सालातले हलालखोर

शाळेच्या पुस्तकात प्लेग येतो तो पुण्यातच येतो. रँडसाहेब येतो, गोरे सोजीर बुटासकट घरात शिरतात, देवघर बाटवतात, मग 22 जून 1897 ची रात्र येते, चापेकर बंधू येतात, गोळी सुटते आणि धडा संपतो. पोरगं पास होतं. प्लेग कशानं झाला, कुणाला झाला, त्याची घाण कुणी उपसली, याचा त्यात पत्ता नाही. रँड मेला म्हणून प्लेग गेला नाही दोस्तहो. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं तो या देशात ठाण मांडून बसला आणि एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला.

तेव्हा हा धडा आपण देवघराऐवजी घरगल्लीतून वाचू.

घरगल्ली म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको. दोन चाळींच्या पाठी एकमेकींना लागलेल्या, मधे माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. वरच्या मजल्यांचे संडास त्या फटीत उतरायचे. खाली टोपलं. ते टोपलं भरलं की डोक्यावर घेऊन जाणारा तो हलालखोर. त्याच्या नावानं म्युनिसिपालटी लोकांकडून हलालखोर कर वसूल करायची. कराला त्याचं नाव, पण त्याच्या सावलीला कुणी उभं राहायला तयार नाही. ही माणसं बहुतेक गुजरात-काठेवाडाकडची, भंगी-मेहतर म्हणून हिणवलेली. रस्ते झाडायला, गटारं उपसायला, कचऱ्याच्या गाड्या भरायला बिगारी होते. त्यांत कोकणातले, देशावरचे आपले महार पुष्कळ. ही कामं एक दिवस जरी थांबली तर शहराचं नाक फुटेल, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. म्हणून 1890 सालीच म्युनिसिपल नोकरांचा कायदा करून ठेवला होता. परवानगी न घेता, मुदतीची नोटीस न देता काम सोडलं तर गुन्हा. तुरुंग. गिरणीतला माणूस कंटाळला तर पगार बुडवून गावी पळू शकत होता. हलालखोराला तीही मुभा नव्हती.

आता सप्टेंबर 1896. जागा मांडवी. गोदीला लागून धान्याच्या वखारी, वखारींवर माणसांची दाटी. धान्य तिथं उंदीर. आधी उंदीर पटापट मरून पडले, मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी यायला लागल्या. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. व्यापार बुडेल म्हणून कानावर हात ठेवणारे पुष्कळ होते, पण हा माणूस बोलला. त्यांचा पुतळा धोबीतलावला उभा आहे आणि तो असायलाच हवा.

पुढच्या महिन्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यानं कडक हुकूम काढला. संशय आला की घरात शिरायचं, रोग्याला उचलायचं, जबरदस्तीनं इस्पितळात टाकायचं. इस्पितळ म्हणजे आर्थर रोड. तिथं गेलेला परत येत नाही असं लोक म्हणायचे, आणि त्यात फार खोटं नव्हतं. त्या काळी गाठीच्या रोग्यांतले निम्म्याहून जास्त मरायचे, नेले जायचे तेही शेवटच्या घटकेला. वर अफवा. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं होतं, म्हणून राणीला मुंबईकरांची काळजं हवी आहेत आणि ती आर्थर रोडला काढतात! आज हसू येतं. पण ज्यांना सरकार फक्त लाठी घेऊन भेटतं, ते लोक सरकारी इस्पितळाबद्दल दुसरं काय रचणार? ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांचा हजारभराचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. मोडतोड झाली.

दगडांची भीती सरकारला होतीच. पण दुसरी भीती जास्त खोल होती, आणि ती स्नोनं स्वतःच्या अहवालात लिहून ठेवली आहे. हलालखोर निघून जाण्याच्या बेतात होते. त्यांनाही घरातून उचलून नेण्याची भीती होती, त्यांच्याही बायकापोरांना गाठ येत होती. ते गेले असते तर काय? टोपली भरून वाहिली असती, गटारं तुंबली असती, मुंबईत माणूस राहू शकला नसता. हे हिशेबी साहेबाला कळलं. महिना संपायच्या आत त्यानं आपलाच हुकूम सैल केला.

हा इतिहास आहे. शेठियांचे अर्ज गेले, पुढाऱ्यांची भाषणं झाली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण त्या ऑक्टोबरात साहेबाच्या पोटात गोळा आला तो झाडूवाल्याच्या गाठोड्याकडे बघून. संप झाला नाही, मोर्चा निघाला नाही, पुढारी कुणी नव्हता. नुसतं जायची तयारी दिसली. 1890 चा कायदा कागदावर होता, पण मरणाला भ्यालेल्या माणसाला तुरुंगाची काय मातब्बरी?

आणि ते थांबले. बाकीचं शहर पळत होतं. 1891 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती 8 लाख 21 हजार होती; 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली साडेतीन-पावणेचार लाख माणसं आगगाडीनं, गलबतानं, पायी निघून गेली. गिरण्या ओस पडल्या. महिन्याचा पगार महिना उलटून गेल्यावर देणारे मालक रोजच्या रोज रोकडा मोजायला लागले. नाक्यावर उभं राहून एका गिरणीचा माणूस दुसरीच्या कामगाराला जास्त मजुरी बोलून ओढू लागला. मजुराचा लिलाव झाला, पण या खेपेला बोली वर चढत होती. जो पळू शकत होता त्याचा भाव वाढला. ज्याला पळू दिलं नाही तो घरगल्लीत वाकून होता.

आता रोगाचं थोडं सांगतो. मी गिरणीतला माणूस, डॉक्टर नव्हे. वाचून जे समजलं ते साधं करून सांगतो.

प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँगला येर्सेंनं शोधला. पण जंतू माणसात शिरतो कसा, ते मुंबईत कुणाला माहीत नव्हतं. साहेबाच्या डोक्यात घाण, दमट जमीन, वास आणि माणसाचं अंग. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं, भिंतींना चुना फासला, जमिनी खणल्या, उजेड यावा म्हणून कौलं उतरवली, चिरगुटं जाळली. गरिबाचं घर असं धुतलं की घर उरलं नाही. 1898 साली पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं की मधला दलाल पिसू आहे. आजारी उंदराचं रक्त पिसू पिते. उंदीर मेला, अंग थंड पडलं की ती उडी मारते आणि दुसरा उंदीर शोधते. उंदीर संपले की माणूस. जंतू तिच्या घशाशी गोळा होऊन अडतात, रक्त खाली उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू आत ओकते. सिमाँचं कुणी ऐकलं नाही. 1905 नंतर प्लेग कमिशननं इथं मुंबईतच, परळच्या प्रयोगशाळेत, ते खरं करून दाखवलं, तेव्हा साहेबलोकांनी मान डोलावली.

आता मागं वळून बघा. गाठीचा प्लेग एका माणसाच्या अंगाला हात लावून दुसऱ्याला होत नाही. (फुफ्फुसात गेला आणि खोकल्यातून उडाला तर होतो, पण तो प्रकार इथं थोडा.) म्हणजे माणसं फरफटत नेली ती बऱ्याच अंशी फुकट. आणि कार्बोलिकनं गटारातले उंदीर उठून शेजारच्या धड चाळीत गेले. सरकार माणसाच्या मागं धावत होतं आणि रोग धान्याच्या पोत्यातून पुढं चालला होता.

शिवाशिवीचं सगळं शास्त्र तरी वेगळं काय आहे? हजारो वर्षं या देशानं एका माणसाच्या स्पर्शाला रोग मानलं आणि खऱ्या रोगाला देवी मानलं. पटकी आली की मरीआई कोपली. मरीआईची सेवा महार-मांगाकडं. तिचा गाडा सजवायचा, निवद ठेवायचा आणि शिवेच्या पार, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा. त्या गावानं आणखी पुढं ढकलायचा. पटकी पाण्यातून येते. गाडा कितीही लांब ढकलला तरी विहीर तिथंच राहते. आणि पुढं 1927 ला महाडला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तर यांनी शेणमुताच्या घागरी ओतून तळं शुद्ध केलं! आरोग्यशास्त्राचा असा नमुना जगात दुसरीकडं शोधून सापडायचा नाही.

खेड्यातल्या लोकांना एक गोष्ट मात्र शास्त्राआधी कळली होती. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. हे अगदी बरोबर होतं. पण गाव माळावर गेलं तरी वतनाची कामं कुठं जातात? वेशीची राखण, मेल्याची वर्दी परगावी नेणं, सरणाची लाकडं. ही कामं गाठीच्या सालात कुणी माफ केली असतील असं वाटतं का तुम्हाला?

पुण्याच्या धड्यात एक बाई गाळली आहे. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याच्या हातून सावित्रीबाईंनी हडपसरजवळ माळावर प्लेगचा दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या पोराला गाठ आली, तेव्हा या साठी उलटलेल्या बाईनं त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोरगं जगलं. सावित्रीबाई 10 मार्च 1897 ला प्लेगानं गेल्या. ज्या महिन्यात सोजिरांनी पुण्याची घरं तपासायला सुरुवात केली, तोच हा महिना. देवघरात बूट आला याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या झाली. महाराचं पोर पाठीवर आलं याची नोंद आपण करायची.

प्लेगानं मुंबईला एक नवं खातं दिलं: 1898 चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. नागपाड्यापासून सुरुवात करून त्यानं कोंदट वस्त्या पाडल्या, हवेसाठी रुंद रस्ते काढले. पहिल्या वर्षांत पाडलं जास्त, बांधलं कमी. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीनं शिरली. नंतर ट्रस्टच्या चाळी उठल्या, बीआयटी म्हणतात त्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब राहिले, राजगृह उभं राहीपर्यंत. कोलंबिया, लंडन करून आलेला माणूस, आणि नळ-संडास सगळ्या मजल्याशी सामाईक. मूकनायक निघाला, महाड झालं, गोलमेज झाली, तेव्हा पत्ता हाच. त्या चाळीला भेट देणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही, की तिचा पाया गाठीच्या तापानं घातला.

एक हिशेब राहिला. 1918 साली लढाईचा ताप आला, म्हणजे इन्फ्लुएंझा. जूनमध्ये गोदीतून शिरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात पिसाळला. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसं मेली. हा रोग श्वासातून जातो. त्याला उंदीर लागत नाही, खोलीत दाटी असली की झालं. आजारात चार दिवस पडून राहायची ऐपत नसली की आणखी सोपं. मुंबईच्या हेल्थ ऑफिसरनं या तापाचे जातवार आकडे दिले. दर हजारी मरण: युरोपियन 8.3. पारशी 9. सवर्ण हिंदू 18.9. आणि खालच्या जाती म्हणून ज्यांचा रकाना केला होता, ते 61.6.

आकडे पुन्हा वाचा. शहर एकच, वारा एकच, जंतू एकच. सवर्णांत एक मेला तिथं आपल्यात तीन. जंतूनं जात विचारली नाही. खोली किती माणसांत, पेज कुणाच्या घरी, डॉक्टर कुणाच्या दारी चढतो, एवढंच त्याला पुरलं. टोपलं वाहणारा, गटार उपसणारा, मढी ओढणारा याच 61.6 मध्ये असणार.

गाठीच्या सालातला 1897 चा साथरोगाचा कायदा सरकारनं 2020 ला कोरोनासाठी पुन्हा काढला. तेव्हाही झाडूवाल्याला घरी बसायची सुट्टी नव्हती. टाळ्या मिळाल्या, थाळ्या मिळाल्या. मास्क, हातमोजे पुरेसे मिळाले का, ते ज्याच्या त्याच्या वस्तीत विचारा.

आणि विचारायला जालच, तर आणखी विचारा. 1896 पाहिलेलं आता कुणी नाही, पण आजीनं आईला सांगितलेलं असतं. तुमच्या घरात, वस्तीत कुणाचा पणजा हलालखोर खात्यात, कचऱ्याच्या गाडीवर, गटारावर होता? नाव काय, गाव कुठलं, वॉर्ड कुठला, मुकादम कोण, पगार किती? गाठीच्या सालात तो थांबला की पळाला? घरातलं कोण गेलं? साहेबाच्या अहवालात हलालखोर हा शब्द आहे, पण त्याखाली एकही नाव नाही. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवा, शुद्ध करत बसू नका. मजकूर दोन ओळींचा असला तरी चालेल. अंकाच्या पत्त्यावर पाठवा.