पारशी गारा आणि सेव्हिलची शाल

गिरगाव चौपाटीहून बाबुलनाथच्या अंगाने केम्प्स कॉर्नरकडे निघालं की खरेघाट कॉलनी लागते. तिथल्या अल्पाईवाला संग्रहालयात पारशी गारे, म्हणजे पारशी बायकांच्या भरतकामाच्या रेशमी साड्या, जपलेले आहेत. गडद रेशमावर मोतिया धाग्याने भरलेली पिऑनीची फुलं, करकोचे, पुलावरून चाललेली चिनी माणसं. पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनमधल्या कँटनला जात, येताना हे भरतकाम आणत. जमशेटजी जीजीभॉय तर पाच वेळा जाऊन आले. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

मला खिळवून ठेवलं ते परदेशी संग्रहालयांतल्या १९२० च्या दशकातल्या रेशमी पोशाखांनी. संध्याकाळच्या मेजवान्यांचे हे उंची कोट कँटनच्या भरलेल्या शाली कापून शिवलेले आहेत! याच शाली मनिलाहून गलबतांनी मेक्सिकोला आणि पुढे सेव्हिलला पोचत. स्पेनमध्ये त्यांना आजही मनिलाची शाल म्हणतात. म्हणजे गारा आणि तो कोट एकाच घराण्यातले.

मग गारा मुळात साडी की शाल? पारशी बायकांनी पहिल्यापासून साडीच भरून मागवली, असं एक मत. पुरावा असा, की कमरेला खोचायचा भाग कोरा सोडलेला दिसतो. मला ही नंतरची सुधारणा वाटते. चारही कडांनी भरगच्च भरलेले गारेही आहेतच. साडीची अर्धीअधिक कड निऱ्यांत आणि कमरेत गडप होते, तिच्यावर इतके कष्ट कोण घेईल? चारही कडा लागतात त्या शालीला. कारागिरांनी शालीचीच मांडणी साडीच्या लांबीला ताणली, आणि गिऱ्हाइकांनी हळूहळू वायफळ काम छाटायला लावलं, हेच मला पटतं.

बारीक गाठींच्या ‘खाखा’ टाक्याने कारागीर आंधळे होत, म्हणून चीनमध्ये त्यावर बंदी आली, असंही सांगतात. ही मला विक्रीची युक्ती वाटते. चिनी फेरीवाले गाठोडी घेऊन मुंबईत पारशांच्या दारोदार फिरत. बंदीच्या मालाला भाव जास्त. पारशी घरांनी मात्र गाऱ्याच्या एका नक्षीला स्वयंपाकघरातलं नाव दिलं: लहानमोठ्या ठिपक्यांचा ‘कांदा-पपेटा’!

तिकडे शालीला कात्री लागली, इकडे रेशीम विरलं की भरलेली कोर उसवून नव्या साडीवर चढली. त्यामुळे काही गाऱ्यांत भरतकाम आजीच्या काळातलं, कापड नातीच्या. गाऱ्याचं वय ठरवायचं तर आधी कोरेची शिवण पाहावी.