अरुणांना विचारणार कोण?

आता आपण मुंबईच्या केईएम रुग्णालयात येऊ. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं.

लेखिका पिंकी विराणी म्हणाल्या, यांची सुटका करा. परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतोय ना! ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं विराणींची याचिका फेटाळली. मात्र अशा रुग्णांचे उपचार थांबवण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, खुली केली. माया दोन्हीकडे होती. पण खुद्द अरुणांना काय हवं होतं? ते कळायला मार्गच उरला नव्हता.

म्हणून २०१८ चा निकाल महत्त्वाचा. शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवायला त्यानं मान्यता दिली. २०२३ मध्ये रीत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

पण कागदाआधी बोलणं हवं. अंथरुणाला खिळलेल्या आजीबद्दल, अपंग भावाबद्दल आपण डॉक्टरांशी बोलतो, तेही दाराबाहेर. परावलंबी माणसालाही मत असतं. त्याला ‘आता पुरे ना?’ असं विचारू नये. ‘तुला काय हवंय?’ असं विचारावं. ‘जगायचंय’ हेही उत्तर येईल, आणि तेही ऐकायची आपली तयारी हवी.