खांदेरीचा दिवा
मी मंडईतला. १८८६च्या अष्टकोनी मनोऱ्याच्या सावलीत वाढलेला. त्यामुळे खांदेरीच्या दीपगृहाचा मनोराही अष्टकोनी दिसला, तेव्हा पावले थबकली. थळहून होडीने आलो होतो. तटाच्या कडेकडेने बेट पायी फिरलो.

१६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून मायनाक भंडारींनी इथे तटबंदी सुरू केली. मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर इथून नजर राहील, या धास्तीने इंग्रजांनी गलबते धाडली. लढाई झाली, तरी किल्ला उभा राहिलाच. पुढे १८६७ मध्ये त्याच इंग्रजांच्या अमलात इथे दिवा लागला, तोही त्याच जहाजांसाठी.

दीपगृहाचे श्रेय इंग्रजांना जरूर द्यावे. पण या खडकाचे मोल महाराजांनी १८८ वर्षे आधीच ओळखले होते.