३ ऑक्टोबर : हिप्परग्याचे गुरुजी

मराठवाडा ज्यांना मुक्तिलढ्याचे सेनानी मानतो, ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शाळामास्तर. आज त्यांची जयंती. १९०३मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर कामगार पुढारी ना. म. जोशींकडचे काम सोडून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले, पण फळा-खडू सोडला नाही.

पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले.

१९३८मध्ये निजामाविरुद्ध सत्याग्रह करून त्यांनी तुरुंगवास पत्करला. हैदराबाद मुक्त झाल्यावरही शिक्षणाची ओढ सुटली नाही. नांदेडचे पीपल्स कॉलेज त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. त्यांची खरी ओळख शिक्षकाचीच. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ १९९४पासून त्यांच्या नावाने चालते.