वऱ्हाडचे मत आणि दिल्लीची यादी

दिल्लीच्या जुन्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या सदस्यांची यादी वाचताना मी एका नावाशी नेहमी अडखळतो. एम. एस. अणे. म्हणजे आपल्या वणीचे, 1880 साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे. नावापुढे लिहिले आहे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’, पण नाव मात्र सरकारने नेमलेल्या सदस्यांत!

बापूजी तर निवडणूक जिंकून गेले होते. मग ही भानगड काय?

उत्तर आहे हैदराबादेत. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. 1902 साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. राज्य इंग्रजांचे, मालकी निजामाची. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने यवतमाळ ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच! 1919 च्या सुधारणा आल्या तेव्हा सरकारने तोड काढली. वऱ्हाडच्या मतदारांनी माणूस निवडायचा आणि व्हाइसरॉयने त्यालाच ‘नेमायचे’.

त्या सभेत पंजाब, बंगाल, मद्रासचे आणि 1937 साली ब्रह्मदेश वेगळा होईपर्यंत रंगूनचेही सदस्य बसत. इतक्या भाषांच्या, इतक्या मुलखांच्या त्या सभेत 1924 पासून बापूजी वऱ्हाडची बाजू मांडू लागले. याच माणसाने 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. सरकारी यादीने त्यांना सरकारचे केले नाही. ते कोणाचे होते, हे वऱ्हाडला ठाऊक होते.

पण वऱ्हाड म्हणजे तरी कोण? मताचा हक्क सारा किंवा कर भरणाऱ्या थोड्यांनाच होता. माझे दादा सालदार होते. दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्याला कसले मत? त्यांना मत मिळाले ते 1952 साली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह. दादांना अक्षरओळख नव्हती. चित्र पाहून त्यांनी कागद टाकला. घरी येऊन म्हणाले, “आज मालकाची आन् माझी चिठ्ठी एकाच पेटीत पडली.” ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते.

पुढे मतदारसंघांच्या सीमा पुष्कळदा बदलल्या. 2009 पासून आपला जिल्हा लोकसभेसाठी तीन ठिकाणी वाटला गेला आहे. यवतमाळ, पुसद, दिग्रस, राळेगाव हे यवतमाळ-वाशीममध्ये, उमरखेड हिंगोलीत, आणि वणी व आर्णी चंद्रपूरमध्ये. बापूजींची वणी आज चंद्रपूरचा खासदार निवडते! काहींना याचे वाईट वाटते. मला तितके वाटत नाही. रेघा सरकार ओढते, पुसते. एके काळी आपण निवडलेला माणूसही कागदावर सरकारने नेमलेला ठरत होता. आज ती मेहेरबानी कोणाची लागत नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी ऊन फार आहे म्हणून घरी बसावेसे वाटले, की मला दादांची ती चिठ्ठी आठवते आणि मी चपला पायात घालतो.