विषांची नोंदवही

१९५८ सालीं केरळांत, वाहतुकींत पॅराथिऑन हें कीटकनाशक लागलेलें गव्हाचें पीठ खाऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. या अनर्थानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. नोंदणीवांचून असें औषध विकणें हा गुन्हा ठरला. परंतु केवळ कायद्यानें धोका टळत नाहीं, हें २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत दिसलें. तेथें कापसावर फवारणी करतांना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें मरण पावले.

नोंदणी समितीच्या यादींत प्रत्येक औषधाचें पीक, कीड व मात्रा दिलेली असते. पण ती इंग्रजींत, रसायनांच्या नांवांनीं लाविलेली आहे. कऱ्हाडनजीक मलकापुरांतील शेतकऱ्यास ठाऊक असते ती उसावरील खोडकीड; रसायनाचें नांव त्यास दुकानदार सांगतो. पीक व कीड यांवरून मराठींत शोधतां येईल अशी यादी हातीं आल्यावांचून १९५८ चा धडा बांधापर्यंत पोंचणार नाहीं.