‘डेस्परेट’ आणि ‘नाइलाज’ : १८७५ च्या शिरूर-भीमथडीच्या संदर्भात

इंग्रजीतील ‘डेस्परेट’ हे विशेषण ‘आशा सोडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले. ते बिकट परिस्थितीला लागते, तसेच त्या परिस्थितीत जिवावर उदार झालेल्या माणसालाही. मराठीत या दोहोंची वाटणी झाली आहे : परिस्थिती हलाखीची असते, माणूस नाइलाजाने वागतो. ‘नाइलाज’, ‘निरुपाय’ आणि मूळ फारसी अर्थाचा ‘लाचार’ हे शब्द आशेचा नव्हे, उपायाचा अभाव सांगतात. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा अर्थ लावताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) चढलेले कापसाचे भाव पुढे कोसळले. फेरजमाबंदीने सारा वाढला. सावकारांनी हात आखडला. निरक्षर कुणबी खतावर नांगराची निशाणी करी आणि न्यायालय ते खतच प्रमाण मानी. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे कालूराम या सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर बाबासाहेब देशमुख यांचे घर पाडले. तेव्हा गावाने प्रथम शस्त्र उचलले नाही. सावकारांवर बहिष्कार घातला. दंगा उसळला तो १२ मे १८७५ रोजी सुपे येथे. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि दौंडही त्याच तालुक्यात मोडे. लोण लवकरच शिरूरकडील गावांतही पोहोचले.

काही ठिकाणी जाळपोळ व मारहाण झाली, हे नाकारता येत नाही. तथापि जमावाचा मुख्य रोख खतांवर होता. ती हाती आल्यावर जाळली जात आणि सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागत नसे. आशा सोडलेला मनुष्य कागद निवडून जाळीत बसत नाही. खत नष्ट झाले की कर्जाचा पुरावा नष्ट होईल, ही आशाच त्या कृतीच्या मुळाशी होती. न्यायालयात न मिळालेला उपाय कुणब्याने चव्हाट्यावर शोधला.

१८७५ मध्ये नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतामागील कर्जाचा मूळ इतिहास तपासणे त्याने न्यायाधीशाचे कर्तव्य ठरविले आणि कर्जापायीची कैद बंद केली. म्हणजे कायद्यानेही उणीव मान्य केली ती उपायाचीच. त्या कुणब्यांना ‘डेस्परेट’ म्हटल्यास त्यांचा विवेक झाकला जातो. ‘नाइलाज’ म्हटल्यास, इलाज कोणी नाकारला होता, हा प्रश्न उभा राहतो.